वाजणारी बाजू

पोकळ फरशी डोळ्यांना दिसत नाही. पायालाही लगेच कळत नाही.

“सुटणारी गाडी फलाट क्रमांक…” आणि मग भोंग्यातून नुसती खरखर. “…चारवर लागली आहे.”

अक्का म्हणाली, माणसाच्या छातीत पाणी जाईलच कुठून? नाकातून?

खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावलेला काळा कागद. त्यात कुणाच्या तरी बरगड्या.

हल्ली ती उजव्या कुशीवर झोपते.

घरात कपडे कोण धुतं?

*

त्याला कामावर सगळे ठोकेमास्तर म्हणायचे, तेव्हा आपणही तेच म्हणू. उमेदीच्या काळात तो स्वतः फरशा बसवायचा. गुडघे कुरकुर करायला लागले तेव्हा एका बिल्डरनं त्याला वेगळं काम दिलं. दुसऱ्यांनी बसवलेल्या फरशा तपासायच्या. हातात लहानशी लाकडी हातोडी घेऊन नव्या घरात शिरायचं आणि कोपऱ्यापासून एकेक फरशी ठोकत जायचं. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज येतो ‘ठक’. घट्ट, आखूड. कुणी हात आखडता घेऊन सिमेंट घातलं असेल तर खाली हवा राहते आणि फरशी वाजते, ‘डब्ब’. वाजली की खडूची फुली. फुली पडली की फरशी उखडायची.

थोडक्यात, त्याला पगार मिळायचा तो कुणावरही विश्वास न ठेवण्याचा. कारागीर छातीवर हात ठेवून सांगायचा, “मास्तर, एकदम भरीव आहे.” ठोकेमास्तर हं म्हणायचा आणि ठोकायचा. पुढे पुढे ही सवय घरात आली. नवं टेबल आणलं, ठोक. पाहुणे म्हणून कुणाकडे गेलं की बोलता बोलता त्यांची भिंत ठोक. एकदा नात्यातल्या एका लग्नाच्या बैठकीत यानं मुलाकडच्यांचा दरवाजा ठोकून पाहिला आणि बायकोच्या कानात सांगितलं, “आतून भुसा आहे.” लग्न मोडलं नाही, पण बायको आठवडाभर बोलली नाही.

बायको बोलली नाही, हे तिच्या बाबतीत मोठंच. कारण बोलणं हे तिचं कामच. बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायची. आवाज असा की झोपलेला माणूस उठून बरोबर गाडीत चढावा. घरीसुद्धा तेच. “जेवणाची वेळ झालेली आहे, प्रवाशांनी हात धुऊन ताटावर यावं.”

तर या बाईच्या घोषणेत मधेच भोकं पडायला लागली.

*

आधी कोरडा खोकला. मग उजव्या कुशीत कळ, दीर्घ श्वास घेतला की सुई टोचल्यासारखी. ती कळ आपोआप गेली, तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण कळ गेली आणि दम आला. संध्याकाळी अंग कढत लागायचं. ती म्हणायची, काचेच्या खोलीत कोंडतं. स्थानकाचा जिना चढून गेली की पहिली गाडी चुकल्यासारखी नुसती माइककडे बघत बसायची.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पाठीला नळी लावली, बोटांनी टकटक केलं, एक्स-रे काढायला सांगितला आणि तो पाहून म्हणाला, “छातीत पाणी आहे. उजवीकडे, निम्म्याहून वर. हे माझ्या आवाक्यातलं नाही. मोठ्या दवाखान्यात जा.”

ठोकेमास्तरची थोरली बहीण, म्हणजे अक्का, नवरा गेल्यापासून त्यांच्याच घरी असायची. संशयात ती भावाच्या चार पावलं पुढे. फरक एवढाच की हा ठोकून संशय घ्यायचा, ती न ठोकता.

“पाणी म्हणे! मूत्रपिंडात खडा ऐकला, पोटात वायू ऐकला. छातीत पाणी? अरे, हे दवाखान्यांचं नवीन काढलंय काहीतरी.”

“अक्का, एक्स-रे काढलाय.”

“कुणी काढला? त्यांनीच ना?”

ठोकेमास्तरनं एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवला आणि मागे सरकून पाहिला.

बरगड्या. मध्ये कणा. एक बाजू वरपासून खालपर्यंत काळीभोर. दुसऱ्या बाजूला खालचा निम्म्याहून जास्त भाग पांढराफट, चुन्याचा हात मारल्यासारखा. आणि तो पांढरा भाग होता डावीकडे.

त्यानं स्वतःचा डावा हात वर करून खात्री केली. हा डावा. पांढरं याच हाताला. आणि डॉक्टर म्हणतो उजवीकडे.

“काय रे, काय झालं?” अक्कानं विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. पण मनात खडू बाहेर निघाला होता.

*

एकदा संशय शिरला की माणूस नुसता बसत नाही, पुरावे गोळा करतो.

ती उजव्या कुशीवर झोपते. डावीकडे वळवलं तर झोपेतच धापा टाकते आणि परत उजवीकडे येते. आता तुम्हीच सांगा, दुखऱ्या दाताने कुणी चावतं का? उजवीकडे बिघाड असता तर बाई उजवीकडे भार देऊन झोपली असती का? बिघाड डावीकडे आहे, म्हणून ती डावी बाजू वर मोकळी ठेवते. त्याला हे दोन आणि दोन चार इतकं स्पष्ट दिसलं.

तरी तो ठोकेमास्तर. बघितलेल्यावर त्याचा विश्वास नाही, ऐकलेल्यावर आहे. सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर ती अशीच उशांना टेकून पुढे वाकून डोळे मिटून बसली होती. तो मागे जाऊन बसला. डाव्या हाताचं मधलं बोट तिच्या पाठीवर आडवं ठेवलं, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर हलकेच मारलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरला करताना पाहिलं होतं तसंच.

उजवी बाजू, खाली. ठक.

एक बोट वर. ठक.

अगदी भरीव. पायरीला लावावी अशी.

डावी बाजू, खाली. डब्ब.

त्यानं बोट उचलून परत ठेवलं. पुन्हा मारलं. डब्ब. वर, मध्ये, कडेला, सगळीकडे डब्ब डब्ब. डावी बाजू पार वरपासून खालपर्यंत वाजत होती. एखाद्या घरात अशी जमीन लागली असती तर त्यानं सगळी उखडायला लावली असती.

तीन पुरावे. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवणारे. आणि ती माणसं सुई घालणार दुसऱ्या बाजूला.

*

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई बुटकी, केस बारीक कापलेले, बोलणं गाडी पकडायची असल्यासारखं. तिनं बायकोला तपासलं आणि प्रश्न सुरू केले. पायाला सूज येते का? झोपल्यावर दम वाढतो का? वजन उतरलं का? कधी कावीळ? घरात कुणाला जुना खोकला? मग एकदम ठोकेमास्तरकडे वळली.

“तुम्ही काय काम करता?”

“का?”

“विचारते.”

“फरशा तपासतो. पण आजारी ती आहे.”

“म्हणूनच विचारते. फरशा? कापतासुद्धा? आधी काय करायचात? जुने छताचे पत्रे काढलेत कधी, सिमेंटचे, करड्या रंगाचे?”

“तरुणपणी. पुष्कळ.”

“आणि घरात कपडे कोण धुतं?”

बायको म्हणाली, “मीच. धुण्याआधी झटकते. नाहीतर बादलीत चिखल होतो.”

डॉक्टरीणबाईनं कागदावर काहीतरी टिपलं. ठोकेमास्तरला ते टिपणं आवडलं नाही. या बाईला आपल्या बायकोच्या छातीतलं पाणी सोडून आपल्या शर्टाशी काय देणंघेणं? त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली.

“हे बघा,” ती म्हणाली, “फुप्फुसाला बाहेरून एक पातळ आवरण असतं, आणि बरगड्यांना आतून दुसरं. दोन्हींच्या मध्ये अगदी थोडा ओलावा असतो, घसरायला. तो सारखा तयार होतो आणि सारखा शोषला जातो. हे गणित बिघडलं की पाणी साचतं, आणि फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. म्हणून दम. पण पाणी हा काही आजार नव्हे. तुमच्या कामात भिंतीला ओल आली तर नुसता रंग मारून भागतं का?”

“नाही. गळती शोधावी लागते.”

“तेच. हृदय कमी पडत असेल, मूत्रपिंड, यकृत बिघडलं असेल, तरी पाणी झिरपतं. न्यूमोनियानं होतं, क्षयानं होतं. कधी गाठ असते. कधी वर्षानुवर्षांची धूळ असते, तसल्या जुन्या पत्र्यांची, कपड्यांवरून घरात आलेली. बाहेरून बघून मी सांगू शकत नाही. पाणी काढून तपासायचं. पाठीतून सुई घालू, जागा बधिर करून. उजवीकडून.”

“थांबा,” ठोकेमास्तर म्हणाला.

“काय?”

“सही करणार नाही मी.”

“सही त्यांची लागते. तुमची नाही.”

“ती पण करणार नाही. अगं, ऊठ.”

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. “कारण?”

कारण सांगायचं त्याच्या जिवावर आलं. या लोकांना कारण सांगितलं की ते झाकतात. कारागीर नाही का, फुली मारली की लगेच त्यावर पोतं टाकून उभा राहतो. त्यानं बायकोचा दंड धरला आणि बाहेर काढलं.

*

बाहेरच्या लांब खोलीत भिंतीला टेकून बाकं होती. पहिल्याच बाकावर अक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“मी म्हटलंच होतं,” काय झालं ते न ऐकताच ती म्हणाली. “चला घरी. एवढीशी आहे ती बाई, तिला काय कळतंय.”

बायको बाकावर बसली. खोलीतून इथपर्यंतचं अंतर, आणि तिच्या खांद्यांची वरखाली थांबेना. ठोकेमास्तर तिच्यापुढे उकिडवा बसला.

“ऐक. ते चुकीच्या बाजूला सुई घालतायत. बिघाड डावीकडे आहे.”

“कुणी… सांगितलं?”

“एक्स-रेत पांढरं डावीकडे आहे. तू डावी बाजू वर ठेवून झोपतेस. आणि मी,” त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला, “मी ठोकून पाहिलं. डावी वाजते.”

तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं डोळ्यांत पाणी. अक्कानं पाठीवर हात फिरवला आणि भावाला म्हणाली, “हसव अजून, मार तिला.”

“मला… ठोकलंत? फरशीसारखं?”

“हळूच.”

“आणि फुली? फुली मारली नाहीत का पाठीवर?”

“चेष्टा करू नकोस. तुला चुकीचं भोसकतील ते.”

त्यानं बाकाची कड दोन्ही हातांनी धरलीय हे तिला दिसलं. आतापर्यंत तिला वाटत होतं, नेहमीचा हेका आहे. आता कळलं, हा माणूस घाबरलाय. आणि नुसता सुईची बाजू चुकेल म्हणून नाही.

“अहो, खरं सांगा. बाजूचंच आहे ना? का कपड्यांचं?”

तो जमिनीकडे बघायला लागला. खाली मोठ्या चौकोनी फरशा होत्या. त्यानं एकीलाही हात लावला नाही.

“तिनं कपड्यांचं विचारलं तेव्हा तुमचा चेहरा… मी बघितला. सुई टोचलीच नाही… तर पाण्यात काय आहे ते कळणारच नाही. असं आहे का?”

“तसं नाही.”

“मग चला आत. मला जे सांगितलंत ते… तिला सांगा. मला नका सांगू. मला काय कळतंय, मी गाड्या सोडणारी.”

“ते झाकतील.”

“मग तुम्ही उघडं करा. तेच तर… करता जन्मभर.” ती भिंतीला धरून उठली. “चला. फलाट बदललाय. प्रवाशांनी नोंद घ्यावी.”

*

त्यानं सगळं सांगितलं. एक्स-रे, झोप, ठोकणं. साक्ष द्यावी तसं उभं राहून. अक्काही आत घुसली होती आणि मान डोलावत होती.

डॉक्टरीणबाईनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर ती टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि एक हात वर केला.

“हा माझा कुठला हात?”

“उजवा.”

“तुमच्या कुठल्या बाजूला आहे?”

त्यानं आपला डावा हात वर केला. दोन्ही हात एकाच बाजूला आले.

“एक्स-रे असाच वाचतात. पेशंट समोर उभा आहे असं धरून. कोपऱ्यात बघा, अक्षर आहे बाजूचं. आता शर्ट वर करा.”

“माझा?”

“तुमचाच.”

अक्का भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरीणबाईनं त्याच्या पाठीवर बोट ठेवून मारलं. डब्ब. दुसरीकडे. डब्ब. वर, खाली, कडेला. डब्ब, डब्ब.

“कसे वाजता?”

“पोकळ,” तो म्हणाला. “दोन्हीकडून पोकळ.”

“उत्तम वाजता. फुप्फुसात हवा असते, मास्तर. ती बाजू वाजायलाच हवी. वाजायची थांबली की आम्हाला घोर लागतो.”

मग तिनं त्याच्या बायकोची पाठ ठोकली आणि तो ऐकत राहिला. डावीकडे डब्ब. उजवीकडे खाली आल्यावर ठक. तोच घट्ट, आखूड आवाज, ज्याच्यावर त्यानं जन्मभर खूश होऊन पुढची फरशी गाठली होती.

“कुशीचं पण सांगते. चांगलं फुप्फुस वर मोकळं ठेवतात पेशंट, म्हणजे निदान ते तरी फुगतं. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. शरीर आपलं आपण करतं.”

तो खुर्चीवर बसला. पण संशय असा एका फटक्यात जात नाही. तो म्हणाला, “तरी मला बघायचंय.”

“बघाच. बाजू चुकायची भीती आम्हालाही असते. म्हणून तर आधी सोनोग्राफी.”

तिच्या उजव्या बाजूवर यंत्र ठेवलं तशी पडद्यावर काळी कोर दिसली, आत काही काही तरंगत होतं, श्वासाबरोबर हलत होतं. त्यानं डावीकडची दाखवायला लावली. तिथं तसलं काही नव्हतं. त्यानं परत उजवीकडची दाखवायला लावली. डॉक्टरीणबाईनं दाखवली आणि पेनानं पाठीवर फुली मारली.

बायको उशीवर हात टेकून पुढे वाकली. तिनं मान जराशी वळवून फुलीकडे बघायचा प्रयत्न केला. “उखडायची का… ही फरशी?”

“हलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाली. पण तीही हसली.

*

पाणी पिवळसर निघालं. वाळल्या गवताच्या रंगाचं. त्याला वाटलं होतं, साधं नळासारखं असेल, किंवा लाल. लाल असेल असं जास्त वाटलं होतं. ते हळूहळू पिशवीत उतरत होतं आणि बायको मधेच खोकत होती, आणि खोकल्याच्या पलीकडे तिचा श्वास लांब होत चालला होता.

“एवढ्या बाटल्या कशाला?” त्यानं विचारलं. जुनी खोड.

“एक प्रथिनांसाठी. पाणी पातळ निघालं तर ते दाबानं झिरपलंय, म्हणजे हृदय, मूत्रपिंड, यकृत बघायचं. दाट निघालं तर आवरणच सुजलंय. दुसरी जंतूंसाठी. तिसरी पेशींसाठी, वाईट पेशी आहेत का ते बघायला.”

तिसऱ्या बाटलीकडे त्यानं पाहिलं नाही.

उत्तर यायला वेळ लागणार होता. त्या दिवसांत त्यानं कामाचे कपडे घरात आणायचं बंद केलं. कामावरच बदलायचा. बायको विचारायची, शर्ट कुठाय? तो म्हणायचा, आहे. अक्का म्हणायची, याचं काहीतरी बिनसलंय. त्याला फरशी ठोकता येईना. ठक आलं की हात थांबायचा. चांगल्या बसवलेल्या एका सबंध खोलीवर त्यानं फुल्या मारल्या आणि कारागीर भांडायला आला तेव्हा स्वतःच पुसल्या.

मग तिघं पुन्हा त्या खोलीत बसले. डॉक्टरीणबाईनं कागद वाचले. हृदय ठीक. पाणी दाट. वाईट पेशी दिसल्या नाहीत. जी खूण क्षयाच्या पाण्यात वाढते ती चांगलीच वाढलेली.

“क्षय,” ती म्हणाली. “फुप्फुसाच्या आवरणाचा. औषधं महिनोन्‌महिने घ्यायची, एकही गोळी न चुकवता. बऱ्या होतील.”

“धूळ नाही?” त्यानं विचारलं.

“हे धुळीचं नाही.”

“नक्की?”

“या पाण्यानं जे सांगितलं ते हे. ते पत्रे तुम्ही काढलेत, ते मात्र मी विसरलेले नाही. तुमचाही एक्स-रे काढायचा.”

बायकोनं हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्याचं डोकं पुन्हा चालायला लागलं.

“पण हे आलं कुठून? कुणाकडून?”

“ते सांगता येत नाही. स्थानकावर रोज किती माणसं खोकत जातात? पुष्कळदा वर्षांपूर्वी शिरलेलं असतं, गप बसून असतं. घरातल्या सगळ्यांना मात्र तपासायचं.”

“सगळ्यांना म्हणजे?” अक्का ताठ झाली. “मी काय केलंय? मी तर हिच्या ताटातलंही कधी घेत नाही.”

“सगळ्यांना,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“अरे, बघ बघ, आता माझ्यावर आलं. मी म्हटलं नव्हतं?”

“अक्का,” बायको एका दमात म्हणाली, “पुढची गाडी तुमचीच आहे, रांगेत उभ्या राहा आणि सामानाकडे लक्ष ठेवा.”

एक्स-रेच्या खोलीत ठोकेमास्तरनं शर्ट काढून थंड पाटीला छाती लावली. तिथला माणूस म्हणाला, श्वास घ्या, धरून ठेवा. त्यानं श्वास घेतला, आणि धरायच्या आधी मान वळवून विचारलं, “बाजूचं अक्षर नीट लावलंत ना?”

खिडकीवरच्या त्या पहिल्या एक्स-रेत उजवीकडच्या पाण्यानं तिचं हृदय दीड बोट तिच्या डावीकडे ढकललेलं होतं; तिकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.